घरगुती रेकॉर्डिंगच्या पॉडकास्टसाठी पाहुणे कसे निवडावेत

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी पॉडकास्ट सुरू करायचे ठरले, की बहुतेक जण आधी नाव ठरवतात, मग मुखचित्र करून घेतात, माइकवरून आठवडाभर खल करतात आणि पाहुण्यांचा विचार अगदी शेवटी, पहिला भाग तोंडावर आल्यावर करतात. तोपर्यंत वेळ इतका थोडा उरलेला असतो की जो हो म्हणेल तो पाहुणा ठरतो. पुढच्या पायऱ्या हा क्रम उलटा करण्यासाठी आहेत. या विषयाच्या पाहुण्याकडून माझी पहिली अपेक्षा एकच असते, ती म्हणजे त्याने श्रोत्याच्या कानावर पडेल असे काहीतरी बरोबर आणावे. नाव, पुरस्कार, अनुयायांची संख्या हे सगळे त्यानंतर पाहता येते.

पहिली पायरी : श्रोता एका वाक्यात लिहा

‘संगीताची आवड असलेले सर्व’ असे लिहून पाहुणे निवडता येत नाहीत. ‘भाड्याच्या खोलीत राहणारी, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि एकच कंडेन्सर माइक असलेली, स्वतःची गाणी रात्री उशिरा आवाज दाबून रेकॉर्ड करणारी व्यक्ती’ असे लिहिले, तर निवड आपोआप अरुंद होते. मोठ्या स्टुडिओत चाळीस चॅनेलच्या मिक्सरवर काम करणारा ध्वनिमुद्रक या श्रोत्याच्या उपयोगाचा नाही असे मुळीच नाही. मात्र त्याला प्रश्न विचारताना ‘तुमच्याकडे उद्यापासून एकच माइक असेल, तर काय कराल?’ असा विचारावा लागेल, आणि त्याला तो प्रश्न आवडेल की नाही हे आधी पाहावे लागेल.

दुसरी पायरी : नावांच्या आधी प्रश्न लिहून काढा

वही घेऊन तुम्ही स्वतः जिथे जिथे अडलात ते वीस प्रश्न लिहा. आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो? गाणे आणि गिटार एकत्र रेकॉर्ड करताना एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, त्याचे काय करावे? हेडफोनवर उत्तम वाटलेले मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र बसवून तयार केलेला आवाज) छोट्या स्पीकरवर लावले की बेस कुठे गडप होतो? पंखा बंद केल्यावरही जी घरघर राहते ती कुठून येते?

प्रत्येक प्रश्नासमोर नाव न लिहिता, तो प्रश्न रोज कोणाच्या हाताखालून जातो ते लिहा. उदाहरणार्थ, गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो ही नवख्यांची नेहमीची तक्रार असते. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट (सेकंदाला ४८ हजार नमुने) आणि १०२४ सॅम्पलचा बफर (संगणक एका दमात हाताळतो तेवढा नमुन्यांचा साठा) असेल, तर एका दिशेलाच सुमारे २१ मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून सात मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे गायक जणू सात मीटरवर उभ्या असलेल्या स्वतःला ऐकत गातो, आणि आवाज परत बाहेर येताना आणखी उशीर होतो तो वेगळाच. या प्रश्नाचे उत्तर मिक्सिंगमध्ये नावाजलेल्या माणसाकडे असेलच असे नाही, कारण मिक्सिंगला बसल्यावर हा उशीर सहसा त्रास देत नाही. रंगमंचावर लॅपटॉप घेऊन वाजवणारा वादक मात्र रोज याच्याशी झगडतो. पाहुणा शोधायचा तो असा, प्रश्नाच्या मागोमाग.

तिसरी पायरी : ऐकवण्यासारखे काय आहे, ते विचारा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळतो. संगीताच्या रेकॉर्डिंगविषयी केवळ बोलत राहिले, तर तासाभरानंतर श्रोत्याच्या हाती विशेषणे उरतात: ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘भरीव’. प्रत्येकाच्या मनात या शब्दांचा अर्थ वेगळा असतो. पॉडकास्ट हे कानाचे माध्यम असताना ही वेळ का यावी?

माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका नावाजलेल्या ध्वनिमुद्रकांना बोलावले होते. पन्नास मिनिटे गप्पा रंगल्या, आठवणी निघाल्या, आम्ही दोघेही खूश झालो. नंतर संपादनाला बसलो तेव्हा त्याच रात्री श्रोत्याला करून पाहता येईल असे एकही वाक्य मला सापडले नाही. दोष त्यांचा नव्हता. मी त्यांच्याकडे काही मागितलेच नव्हते. त्यानंतरचे पाहुणे कोणाला फारसे ठाऊक नसलेले, झोपायच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणारे एक गायक होते. त्यांनी एकच ओळ तीनदा गाऊन आणली होती. पहिल्यांदा खोली जशी आहे तशी, दुसऱ्यांदा माइकच्या मागे जाड रजई टांगून आणि तिसऱ्यांदा तीच रजई स्वतःच्या पाठीमागे टांगून. दुसऱ्या वेळी थोडाच फरक पडला, तिसऱ्या वेळी आवाज एकदम जवळ आला. कारण सोपे आहे. कार्डिऑइड माइकला, म्हणजे मुख्यतः समोरचे टिपणाऱ्या माइकला, मागून येणारे सर्वांत कमी ऐकू येते. गायकाच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज मात्र थेट माइकच्या तोंडावर आदळतो. हे मी आधी वाचलेले होते, पण त्या आठ-आठ सेकंदांच्या तीन तुकड्यांनी जे काम केले ते वाचनाने झाले नव्हते.

म्हणून प्रत्येक संभाव्य पाहुण्याला तीन गोष्टी विचारा: एखादा कच्चा टेक (एका वेळी केलेले, न सुधारलेले रेकॉर्डिंग) आहे का, फसलेली आवृत्ती जपून ठेवली आहे का, आणि पूर्ण झालेले काम ऐकवता येईल का? यांतली मधली गोष्ट सर्वांत मोलाची असते आणि तीच सर्वांत कमी लोकांकडे सापडते, कारण फसलेले ट्रॅक पुसून टाकण्याकडेच आपला कल असतो. काहीच जपलेले नसेल, तरी प्रत्यक्ष बोलताना करून दाखवता येण्यासारखे पुष्कळ असते. पाहुण्याने माइकपासून चार बोटांवर बोलावे, मग तेच वाक्य हातभर अंतरावरून बोलावे. जवळ गेल्यावर खालचे स्वर कसे फुगतात, म्हणजेच प्रॉक्झिमिटी इफेक्ट काय असतो, हे दहा सेकंदांत कळते.

एक सावधगिरी मात्र हवी. आधीचा आणि नंतरचा तुकडा एकाच पातळीवर आणूनच ऐकवावा. जो तुकडा जरासा मोठा असतो तो कानाला चांगला वाटतो, आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारा) किंवा इक्यूची (वरचे-खालचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीची) जादू म्हणून आपण जे दाखवतो ती पुष्कळदा केवळ दोन डेसिबलची वाढ निघते. हे स्वतःहून सांगणारा पाहुणा भेटला, तर त्याला दुसऱ्यांदाही बोलवा.

चौथी पायरी : कोणकोणत्या प्रकारची माणसे हवीत

पहिले नाव अशा व्यक्तीचे असावे जी तुमच्या श्रोत्यापेक्षा वर्ष-दीड वर्षाने पुढे आहे. वीस वर्षे काम केलेला माणूस आपल्याला सुरुवातीला काय येत नव्हते हे विसरलेला असतो; गेल्या वर्षी गेन (माइकचा आवाज आत घेण्याची पातळी) आणि व्हॉल्यूम यांतला फरक समजलेल्या माणसाला तो गोंधळ अजून आठवत असतो. असे पाहुणे स्वतःला पाहुणा म्हणवून घ्यायला संकोचतात. तो संकोच मोडून काढण्याचे काम तुमचे.

त्यानंतर मास्टरिंग करणारे, म्हणजे तयार मिक्सवर प्रसारणापूर्वीचा शेवटचा हात फिरवणारे. घरी केलेली मिक्स त्यांच्याकडे सतत येत असल्यामुळे कोणत्या चुका पुन्हा पुन्हा होतात याचा त्यांना अंदाज असतो. त्यांना ‘मास्टरिंग म्हणजे काय?’ असे विचारून तास वाया घालवू नये. ‘आलेल्या फायलींपैकी कोणत्या तुम्ही परत पाठवता आणि का?’ असे विचारावे.

खोलीच्या ध्वनिगुणांवर काम केलेल्या व्यक्तीचा एक भाग तरी हवाच. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे सात मीटर असते. भिंतीवर चिकटवलेला बोटभर जाडीचा फोम तिला जवळपास अडवतच नाही, फक्त वरचे स्वर खाऊन टाकतो, आणि खोली वरून मंद पण खालून घुमणारी होते. असा फोम लावून फसलेला, मग जाड शोषक फळ्या बनवून कोपऱ्यात उभ्या केलेला आणि दोन्ही वेळा मोजमाप घेतलेला पाहुणा मिळाला, तर त्याच्यासाठी तारीख बदलावी लागली तरी बदला.

कॅसेटच्या काळातल्या माणसांकडेही आवर्जून पाहा. टॅस्कॅम कंपनीचे पोर्टास्टुडिओ हे चार ट्रॅकचे कॅसेट यंत्र १९७९ साली आले आणि अनेक ट्रॅकांचे रेकॉर्डिंग घरातल्या टेबलावर करता येऊ लागले. त्यावर तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तीन ट्रॅकवर पुढचे वाजवायचे. एकदा उतरवलेला ताळमेळ परत बदलता येत नसे. निर्णय पुढे ढकलण्याची सोयच नसलेल्या या पद्धतीत तयार झालेला माणूस आज शंभर ट्रॅक उघडून बसलेल्या नवख्याला काय सांगेल, हे ऐकण्यासारखे असते. अर्थात, ‘आमच्या वेळी’ने सुरू होऊन तिथेच संपणाऱ्या गप्पा नकोत, जुने यंत्र चालू स्थितीत असेल आणि ते वाजवून दाखवणार असतील तरच बोलवा.

ज्यांच्याकडे कोणी वळत नाही अशांतही चांगले पाहुणे असतात. वाद्यांची दुरुस्ती करणारा कारागीर गिटारची कुरकुर माइकची आहे की फ्रेटची, हे सांगू शकतो. श्रवणतज्ज्ञ हेडफोनच्या आवाजाविषयी बोलू शकतात. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने कामाच्या जागेसाठी ८५ डेसिबल-एला (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेल्या डेसिबलला) आठ तास अशी मर्यादा सुचवली आहे आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ ला एकच तास. रात्रभर मिक्सिंग करणाऱ्याला हा हिशेब कोणीतरी समजावून सांगायला हवा.

पाचवी पायरी : शोध आणि आमंत्रण

आवडलेल्या, घरी तयार झालेल्या गाण्यांची श्रेयनामावली वाचा. मिक्सिंग कोणी केले, माइक कोणी लावले, हे बऱ्याचदा तिथेच मिळते. गायकाला सगळे बोलावतात, त्याच्या मागच्या माणसाला फारसे कोणी विचारत नाही आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे अधिक असते.

आमंत्रण लहान आणि नेमके असावे. ‘आपल्या प्रेरणादायी प्रवासाविषयी बोलायला आवडेल’ हे वाक्य कोणालाही पाठवता येते, म्हणून ते कोणालाच पाठवू नये. नमुन्यादाखल असे लिहिता येईल:

‘सप्रेम नमस्कार. घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी मी एक पॉडकास्ट करतो. आपल्या नव्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात आवाज एकदम कानाशी येतो आणि मागचे वाद्य दूर जाते, ते आपण कसे साधले याविषयी आपल्याशी चाळीस मिनिटे बोलावे अशी इच्छा आहे. त्या कडव्यातील केवळ आवाजाचा कच्चा ट्रॅक ऐकवता आला, तर श्रोत्यांना फार उपयोग होईल. रेकॉर्डिंगपूर्वी वीस मिनिटे फोनवर बोलू. आपल्याला शक्य नसल्यास तसे निःसंकोच कळवावे.’

यात विषय, वेळ, अपेक्षा आणि नकाराची मोकळीक असे सगळे आले. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास एकदा आठवण करावी, त्यानंतर थांबावे.

सहावी पायरी : ओळखीचा फोन

हा फोन टाळू नका. तो रेकॉर्ड करू नका आणि पाहुण्याला तसे स्पष्ट सांगा. येथे उत्तरे गोळा करायची नसतात, पाहुणा उत्तर कसे देतो ते ऐकायचे असते. तो आकडे आणि वस्तूंची नावे घेतो का? ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणू शकतो का? अवघड शब्द वापरल्यावर तुम्ही अडलात, तर न वैतागता सोपे करून सांगतो का? एकदा एका ड्रमवादकाला मी विचारले, ‘तुमच्या ड्रमचा आवाज इतका जवळचा कसा आला?’ ते म्हणाले, ‘खोली छोटी आहे ना.’ मी म्हटले, ‘माझीही छोटीच आहे, माझा तर पत्र्यासारखा येतो.’ क्षणभर शांतता झाली आणि मग ते हसत म्हणाले, ‘अहो, खोलीतले लांबचे माइक मी मिक्समधून काढूनच टाकलेत, सांगायचं राहिलं!’ दुसरा प्रश्न विचारल्यावर खरे उत्तर देणारा माणूस चांगला पाहुणा असतो. दुसऱ्या प्रश्नालाही पहिलेच उत्तर पुन्हा ऐकू आले, तर आभार मानून विषय तिथेच संपवावा.

फोनवर एखादा किस्सा रंगू लागला, तर त्यांना थांबवा आणि ‘हे रेकॉर्डिंगसाठी राखून ठेवूया’ असे सांगा. दुसऱ्यांदा सांगितलेल्या गोष्टीत पहिल्या वेळची ओल राहत नाही.

याच फोनवर तांत्रिक गोष्टी उरकून घ्या. या विषयातल्या पाहुण्यांकडे माइक आणि इंटरफेस बहुधा असतातच, त्यामुळे आपापल्या टोकाला आपापला आवाज वेगळा रेकॉर्ड करणे सोपे जाते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची मोनो वेव्ह फाइल तासाला सुमारे ५२० मेगाबाइट होते. ती पाठवण्याची सोय त्यांच्याकडे आहे ना, ते पाहा. हौसेने रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) आणि कॉम्प्रेसर लावून आवाज पाठवणारेही भेटतात, तेव्हा कोरा आवाज हवा असे आधीच सांगा. ऐकवायचे तुकडे व्हिडिओ कॉलवरून वाजवू देऊ नका. त्या ॲपमधली गोंगाट दाबणारी सोय गिटारच्या लांबत जाणाऱ्या स्वरालाही गोंगाट समजून कापते, आणि दाखवायचा फरक तिथेच नाहीसा होतो. ते तुकडे फाइल म्हणून वेगळे मागवा.

सातवी पायरी : हक्क आणि हितसंबंध

गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. पाहुण्याने दुसऱ्याचे गाणे घरी गाऊन रेकॉर्ड केले, तर ध्वनिमुद्रण त्याचे असेल, पण रचना त्याची नसते. एखाद्या संगीत कंपनीसाठी केलेल्या कामाचे सुटे ट्रॅक त्याच्या संगणकावर असले, तरी ते ऐकवण्याचा अधिकार त्याला असेलच असे नाही. ‘अमुक सेकंदांपर्यंत चालते’ हा समज सर्रास पसरलेला आहे. त्यावर विसंबू नये. म्हणून, स्वतःची रचना स्वतः रेकॉर्ड केलेल्या पाहुण्याला या पॉडकास्टमध्ये मी झुकते माप देतो. तरीही मुलाखत आणि तुकडे प्रसारित करण्याची लेखी संमती घ्यावीच. दोन ओळींचा ई-मेल असला तरी निदान नोंद राहते.

प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम), माइक किंवा शिकवणी विकणाऱ्यांना बोलावण्यात गैर काही नाही. त्यांना फक्त एक प्रश्न आधी विचारावा: ‘तुमचे उत्पादन न घेता हे काम कसे करता येईल, ते सांगाल का?’ जो सांगायला तयार असतो त्याच्याशी उत्तम संवाद होतो. त्याच्याकडून पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल, तर भागाच्या सुरुवातीलाच तसे सांगावे. स्वतःहून येऊ पाहणाऱ्यांचे ई-मेल पॉडकास्ट थोडा रुळल्यावर वाढतात. त्यांना वहीतल्या वीसपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे आहे, असे विचारले की बरीच गर्दी आपोआप ओसरते.

आठवी पायरी : क्रम लावा

पहिला भाग प्रसारित करण्याआधी किमान तीन मुलाखती तयार ठेवा. ठरलेला पाहुणा आजारी पडतो, फाइल बिघडते, आणि घाईत बोलावलेला पाहुणा मग पहिल्या परिच्छेदात म्हटल्यासारखाच निघतो. सर्वांत मोठे नाव पहिल्याच भागात वापरू नका. तोपर्यंत तुम्हाला प्रश्न विचारायची सवय झालेली नसते. आधी ओळखीचे, चुकलो तर पुन्हा रेकॉर्ड करू देतील असे लोक घ्या. लागोपाठ तीन गिटारवादक किंवा लागोपाठ तीन मिक्सिंगवाले येणार नाहीत एवढे बघा.

एखादी मुलाखत फसलीच, तर ती प्रसारित करण्याची सक्ती नाही. पाहुण्याला मोकळेपणाने आणि लवकर कळवावे, दोष आपल्या प्रश्नांचा असल्यास तसे म्हणावे आणि शक्य असल्यास एकाच मुद्द्यावर पंधरा मिनिटे पुन्हा बोलण्याची विनंती करावी. त्या पंधरा मिनिटांचाच कधीकधी चांगला भाग होतो.

प्रत्येक मुलाखत संपल्यावर, रेकॉर्डिंग बंद केल्यानंतर, पाहुण्याला एक शेवटचा प्रश्न विचारा: ‘तुम्ही स्वतः अडता तेव्हा फोन कोणाला करता?’ जे नाव येईल ते वहीत, अजून अनुत्तरित असलेल्या प्रश्नांपैकी जो त्याला लागू पडेल त्याच्यासमोर लिहून ठेवा.